चीज सगळ्यात शेवटी

चि. राजा,
अनेक आशीर्वाद.

तू केलेल्या बिअर-चीज-बटाट्याच्या सूपाच्या पातेल्याचा फोटो बाबांनी मोठा करून दाखवला. वर केशरी तेलाचा तवंग, खाली बारीक कणी. "आई, चीज खराब होतं का?" असं विचारलंयस. चीज उत्तम होतं. ते फुटलं, आपली कढी फुटते तसं, आणि कारणही जवळपास तेच आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसतं "हो, हो" करतोस आणि मागे टीव्ही चालू असतो. म्हणून लिहिते आहे. स्वयंपाक करताना कागद ओट्यावर ठेव.

आधी निदान. तुझ्या त्या अमेरिकेतल्या, विस्कॉन्सिनच्या भाड्याच्या घरात कॉइलची इलेक्ट्रिक शेगडी आहे. बटण बंद केलं म्हणजे आच गेली असं आपल्याला गॅसच्या सवयीने वाटतं. कॉइल मात्र नंतरही चांगली पाच-दहा मिनिटं तापलेली असते. तू बटण बंद केलंस, पातेलं तिथेच राहू दिलंस, चीज टाकलंस आणि ढवळत बसलास. खालून उकळी चालूच होती. चीजमधलं प्रथिन कॅल्शियमच्या आधाराने जाळीसारखं विणलेलं असतं आणि त्या जाळीत चरबी आणि पाणी अडकलेलं असतं. जास्त तापलं की ही जाळी आवळते आणि आतली चरबी पिळून बाहेर टाकते. तोच तुझा तवंग. त्यात बिअर आंबट, तिने आणखी हातभार लावला. म्हणून पातेलं शेगडीवरून उचलायचं, थंड कॉइलवर किंवा लाकडी पाटावर ठेवायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, वाफ दिसावी पण एकही बुडबुडा दिसू नये, आणि मग चीज. थर्मामीटर असेल तर 70 अंश सेल्सिअसच्या खाली.

कढीला आपण बेसन लावतो ते फक्त दाटपणासाठी नाही. पिठातला स्टार्च मध्ये येतो आणि ताकातलं प्रथिन गोळा होऊ देत नाही. या सूपात ते काम मैदा आणि बटाटा दोघे मिळून करतात. चीजने सूप दाट करायला जाऊ नकोस, ती बटाट्याची कामगिरी. चीज चवीपुरतं. तुझ्या फोटोत बटाट्याच्या फोडी चौकोनी, टणक, वेगळ्या पोहत होत्या, म्हणजे तू लाल सालीचे बटाटे घेतलेस. ते सॅलडला चांगले. सूपाला रसेट घे, तपकिरी खरबरीत सालीचा, लांबट. त्यात स्टार्च जास्त, शिजला की कडा विरघळतात. नाहीतर युकॉन गोल्ड घे, तो मधला आहे. (तो अमेरिकेतला नव्हे, कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात तयार झाला, 1980 साली बाजारात आला. बाबा म्हणतात हे लिहायची गरज नव्हती.) राज्याच्या मध्यभागी स्टीव्हन्स पॉइंटच्या बाजूला वाळूची सपाट जमीन आहे, तिथे बटाट्याची शेतं मैलोगणती आहेत. पिशवीवर "विस्कॉन्सिन" वाच आणि घे.

आता हे सूप मला कुठून आलं, ते तू कधी नीट विचारलं नाहीस. तुझ्या जन्माआधी बाबांच्या नोकरीमुळे आम्हीही तुझ्याच राज्यात, मिलवॉकी शहरात होतो. मला तिथे काम करायची परवानगी नव्हती, हिवाळा लांबलचक, आणि खालच्या मजल्यावर एक जर्मन वंशाच्या आजी राहायच्या. त्यांच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा बिअर फोडणीसारखी वापरलेली पाहिली. माझ्या माहेरी दारूची बाटली दारातसुद्धा आलेली नव्हती, तेव्हा मी जरा दचकलेच. आजींना त्यात दचकण्यासारखं काय ते कळेना. त्यांच्या मुलखात कॉफी घराघरांत पोचण्याआधी लोक सकाळी बिअरचं सूप प्यायचे. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने 1777 मध्ये कॉफीविरुद्ध फर्मान काढलं, आमचे वाडवडील बिअरवर वाढले म्हणून. त्याच राजाने त्याआधी 1756 मध्ये शेतकऱ्यांना बटाटा लावायचा हुकूम दिला होता. त्याच्या थडग्यावर लोक आजही फुलांबरोबर बटाटे ठेवतात. म्हणजे तुझ्या पातेल्यातल्या दोन मुख्य वस्तू एकाच राजाच्या लाडक्या.

चीज मात्र विस्कॉन्सिनचं. जर्मन लोक एकोणिसाव्या शतकात मिलवॉकीला आले ते बिअर करण्याची विद्या घेऊन. पॅब्स्ट, श्लिट्झ, ब्लाट्झ, मिलर या सगळ्या ब्रुअऱ्या, म्हणजे बिअरचे कारखाने, त्यातून उभ्या राहिल्या. आम्ही होतो तेव्हाच, 1996 मध्ये, पॅब्स्टने मिलवॉकीतली ब्रुअरी बंद केली आणि आजी कुणीतरी गेल्यासारख्या गप्प होत्या. बाहेरच्या गावांमध्ये गाईंचे गोठे, त्यामुळे चीज. कोल्बी चीज तिथल्याच कोल्बी गावाचं, 1885 सालचं. राज्याच्या गाड्यांच्या पाटीवर "अमेरिकाज डेअरीलँड" लिहिलेलं तू रोज बघतोस. या लोकांचं लोण्यावर इतकं प्रेम की पिवळा रंग दिलेलं मार्जरीन (तेलाचं नकली लोणी) विकायला 1967 पर्यंत बंदी होती, आणि हॉटेलात तू मागितल्याशिवाय लोण्याऐवजी मार्जरीन वाढायला आजही कायद्याने मनाई आहे. अशा ठिकाणी बिअर आणि चीज एका पातेल्यात आले नसते तरच नवल.

आता करायला घे. चार जणांचं सांगते, म्हणजे तुला दोन दिवस पुरेल.

बेकनच्या जाड सहा पट्ट्या बोटाच्या पेराएवढ्या काप. जाड बुडाच्या थंड पातेल्यात टाक आणि मग खाली मंद आच लाव. तापलेल्या भांड्यात टाकलंस तर बाहेरून करपेल आणि चरबी आतच राहील. दहा-बारा मिनिटं लागतात, त्यात कांदा चिरून होतो. कुरकुरीत झालं की झाऱ्याने काढून कागदावर ठेव. खाली सुटलेली चरबी तीन चमच्यांइतकी ठेव, बाकीची काचेच्या बरणीत भर. सिंकमध्ये ओतू नकोस, ती थिजून नळी तुंबते आणि मालक डिपॉझिटमधून पैसे कापतो. सफरचंदाच्या लाकडाच्या धुरावर मुरवलेलं बेकन मिळालं तर तेच घे. विस्कॉन्सिनातल्याच विटेनबर्ग गावच्या न्यूस्के कंपनीचं तसं असतं, महाग आहे, पण सहा पट्ट्यांपुरतं परवडेल.

त्याच चरबीत एक मोठा कांदा, सेलरीच्या दोन दांड्या, एक गाजर, सगळं बारीक चिरून परत. कांदा लाल करायचा नाही, मऊ आणि पारदर्शक झाला की पुरे. तीन लसणाच्या पाकळ्या ठेचून टाक. मग पाव कप मैदा भुरभुरव आणि दोन मिनिटं परत, कच्चा वास जाईपर्यंत.

आता बिअर. एक बाटली, 355 मिली, एकदम न ओतता थोडी थोडी, एका हाताने ढवळत. फेस वर येईल, घाबरू नकोस, पातेलं मोठं असू दे. तू कोणती वापरलीस ते लिहिलं नाहीस, पण "जरा कडू लागलं" म्हणतोस त्यावरून आयपीए ही कडवट बिअर असणार. तिच्यात हॉप्स, म्हणजे कडूपणा देणारी फुलं, भरपूर, आणि आटवली की पाणी जातं, कडवटपणा तिथेच राहतो. वर चीजचा खारटपणा आला की तो आणखी जाणवतो. साधी लागर, म्हणजे सौम्य फिकट बिअर घे, किंवा तांबूस, माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) चवीकडे झुकणारी. न्यू ग्लारस ब्रुअरीची स्पॉटेड काऊ नावाची बिअर चालेल. ती विस्कॉन्सिनबाहेर विकतच नाहीत, तेव्हा तिथे आहेस तोवर वापरून घे. आजी मात्र नेहमी दुकानातली सगळ्यात स्वस्त लागर घालायच्या आणि त्यांचं सूप माझ्यापेक्षा चांगलं व्हायचं.

बिअर पाच मिनिटं खळखळू दे. मग तीन कप स्टॉक, एक चमचा मोहरीची पेस्ट, थोडी मिरपूड, थोडी धुरकट पाप्रिका (धुरावर वाळवलेल्या लाल मिरचीची पूड), आणि एक किलो सोललेल्या रसेटच्या अर्ध्या इंचाच्या फोडी. मीठ आत्ता नाही! बेकन खारट, चीज खारट, विकतचा स्टॉक तर सगळ्यात खारट. मीठ शेवटी चाखून. झाकण अर्धवट ठेवून पंधरा-वीस मिनिटं शिजव.

फोड सुरीने सहज तुटली की अर्ध्या फोडी डावाने पातेल्यातच मोड, अर्ध्या तशाच राहू दे. मिक्सर अजिबात नको. बटाट्याच्या पेशी फुटून सगळा स्टार्च बाहेर येतो आणि सूपाची खळ होते. आता एक कप हाफ-अँड-हाफ (अर्धं दूध, अर्धं क्रीम), फ्रिजमधून काढून ओतू नकोस, कोमट करून घे. साय काढलेलं दूध घेतलंस तर तेही आंबटपणाने फुटेल, चरबी असलेलं तग धरतं.

आणि मग पातेलं उचल. वर लिहिलंय ते परत वाच.

चीज सव्वादोनशे ग्रॅम, म्हणजे तिथला आठ औंसांचा एक चौकोन. चेडर घे, पण घरी किस. किसलेल्या पिशवीतल्या चीजला चिकटू नये म्हणून सेल्युलोज नाहीतर बटाट्याचा स्टार्च लावलेला असतो आणि ते नीट वितळत नाही. फार जुनं, भुसभुशीत चेडरही नको, त्यातलं प्रथिन मुरून तुटलेलं असतं, पटकन फुटतं. वर्षभराच्या आतलं घे आणि चवीला मूठभर जुनं मिसळ. केशरी घे की पांढरं, चवीत फरक नाही, तो रंग शेंद्रीच्या बियांचा. एक मूठ टाक, पूर्ण विरघळू दे, मग दुसरी. हात एकाच दिशेने, सावकाश.

तरीही भीती वाटत असेल तर सगळ्यात आधी प्रोसेस्ड चीजची एक स्लाइस विरघळव. तिच्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार असतात, ते कॅल्शियमला धरून ठेवतात आणि चरबी सुटू देत नाहीत. आपला अमूलचा क्यूब पावभाजीवर कधी फुटत नाही तो याचमुळे. तिथले चीजवाले नाक मुरडतील. मुरडू देत.

वरून बेकन, कांद्याची पात, आणि थोडे पॉपकॉर्न. हो, पॉपकॉर्न. तिथल्या हॉटेलांतही या सूपावर घालतात. खायला बसल्यावरच घाल, दोन मिनिटांत मऊ पडतात.

आता थोडं गंभीर. तू लिहितोस की घरातल्या दोघांनाही वाढलं आणि "दारू उडून जाते, चिंता नको" असं त्यांना सांगितलंस. ते खरं नाही. अमेरिकेच्या शेतीखात्याचा तक्ता आहे: पंधरा मिनिटं शिजवलं तर सुमारे 40 टक्के अल्कोहोल उरतो, अर्ध्या तासाने 35 टक्के, तासाने 25, अडीच तासांनीसुद्धा 5. पाच टक्क्यांची बिअर धरली तर तुझ्या पातेल्यात एकूण सहा मिली उरला असेल, वाटीमागे दीड. नशा कुणालाच येणार नाही. पण ज्याला धर्मामुळे, औषधामुळे किंवा सोडलेल्या सवयीमुळे एक थेंबही नको असतो, त्याला मिलीलिटरचा हिशेब सांगायचा नसतो. वाढण्याआधी विचार, आणि काय घातलंय ते सगळं सांग. जो मुलगा डुक्कर खात नाही त्याच्या वाटीतून बेकनचे तुकडे वेचून चालणार नाही, सगळं सूप त्याच चरबीत झालंय. त्याच्यासाठी दुसऱ्या पातेल्यात कर: लोणी, भाज्यांचा स्टॉक, बिअरऐवजी थोडा जास्त स्टॉक आणि अर्धा चमचा सफरचंदाचं व्हिनेगर, धुरकट पाप्रिका जरा सढळ हाताने. तो अगदी काटेकोर शाकाहारी असेल तर चीजच्या वेष्टनावर रेनेट (दूध साकळवणारं द्रव्य) प्राण्याचं आहे की नाही ते बघ.

तुझ्या आजीच्या गळ्यात माळ असली तरी तिला सगळं सांगितलंस तर चालेल. ती हसेल आणि "आमच्या वेळी असलं नव्हतं" म्हणेल. फक्त एकादशीला फोन करून सांगू नकोस.

उरलेलं दोन तासांच्या आत पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेव. गरम करताना मायक्रोवेव्ह पूर्ण ताकदीवर नको, पुन्हा फुटेल. अर्ध्या ताकदीवर, मधे मधे ढवळत, दोन चमचे दूध घालून. डीप फ्रीझ करू नकोस, बटाटा भुसभुशीत होतो.

पुढच्या वेळी फोटो पाठवताना डाव उलटा करून पाठव. मागच्या बाजूला सूपाचा थर राहतो का ते मला बघायचंय. आणि बाबा विचारतायत, सहाच्या खोक्यातली एक बाटली सूपात गेली, बाकीच्या पाचांचा हिशेब कुठे आहे?

तुझी,
आई