बडोद्यातल्या काळ्या घोड्याजवळच्या चहावाल्या मासींना

मासी, नमस्कार.

त्या दिवशी रस्त्यात शुगर खाली गेली तेव्हा तुम्ही आमच्या बाबांना सावरलंत, त्याबद्दल तुमच्या चहाच्या गाडीवर, म्हणजे लारीवर येऊन मी तुम्हाला तीनदा थँक्यू म्हटलं, पण तिथे सारखी गर्दी, कुणाला कटिंग हवा असतो, कुणाला सुट्टे, आणि माझा गळा भरून आला की मला धड बोलता येत नाही. म्हणून लिहितेय. मराठीत लिहितेय कारण मनातलं मला मराठीतच नीट लिहिता येतं, तुम्हाला मी समोर बसून गुजरातीत वाचून दाखवणारच आहे. पण आधी बडोद्यातल्या आपल्या सगळ्या मंडळींनी हे वाचावं असं वाटतं, कारण कमाटीबागेत नातवंडांना घेऊन येणारे आजोबा घरोघरी आहेत आणि त्यातल्या कितीतरी जणांना शुगर आहे.

तुम्ही ज्यांना दादा म्हणालात ते माझे सासरे. आम्ही बाबा म्हणतो, मुलं आजोबा म्हणतात. वय चौऱ्याहत्तर, सगळा जन्म दांडिया बाजारात गेला, रेल्वेतून रिटायर झाले. सासूबाई गेल्या तेव्हा थोरली चार महिन्यांची होती आणि मला बँकेत परत जॉइन व्हायचं होतं, पाळणाघर बघायला आम्ही दोघं निघालो तर बाबा दारात उभे राहून म्हणाले, मी आहे ना. तेव्हापासून ते आहेतच. माझे मिस्टर मकरपुऱ्याला शिफ्टमध्ये, मी सकाळी साडेनऊला घराबाहेर, आणि घरात हे एकटे दोन पोरांना घेऊन. थोरली आता सहा वर्षांची आहे, छोटू साडेतीनचा.

थोरलीच्या वेण्या तेच घालतात मासी. सासूबाईंच्या कधी घातल्या नसतील, पण नातीसाठी शिकले, आधी खोबरेल तेल दोन तळव्यांवर चोळून घेणार, मग मधोमध भांग, आणि वेणी इतकी घट्ट की संध्याकाळपर्यंत एक केस हलत नाही. छोटूला वरणभात भरवताना चिऊचा घास, काऊचा घास संपले की गाडीचे घास सुरू होतात, एक घास प्रतापनगर, एक डभोई, एक मियागाम. आणि मग ती गोष्ट, की 1862 साली गायकवाड सरकारने डभोई ते मियागाम छोटी गाडी सुरू केली तेव्हा तिला इंजिन नव्हतं, बैल ओढायचे. छोटूला हे इतकं आवडतं की बैल दमले, बैल पाणी प्यायले, बैल परत निघाले, असं करत करत सगळा भात संपतो. हे मी ऑफिसला असताना होतं, मला थोरली रात्री सांगते.

आता त्या दिवसाचं.

दुसरा शनिवार होता, मला सुट्टी, शाळेलाही सुट्टी. संकष्टीही होती. बाबा गेली चाळीस वर्षं संकष्टी करतात, रात्री चंद्रोदय झाला की मोदक आणि मगच जेवण. मी सकाळी साबुदाण्याची खिचडी करून ठेवली होती, बाबांनी नेहमीप्रमाणे शुगरची गोळी घेतली, बिनसाखरेचा चहा घेतला, आणि तेवढ्यात ही दोघं बूट घालून दारात हजर, आजोबा चला, आजोबा चला. बाबा म्हणाले, आल्यावर खातो. मी पोळ्या लाटत होते, बरं म्हटलं. एवढंच झालं बघा. बारा वाजता झाकण उघडलं तर खिचडी जशीच्या तशी, आणि तरी मला काही सुचलं नाही, उलट वाटलं, आता पुन्हा गरम करावी लागणार.

कमाटीबागेत गेले की आमच्याकडचा क्रम ठरलेला आहे. आधी फुलांचं घड्याळ, मग म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा, तिथे छोटू फासळ्या मोजतो, त्याला वीसपर्यंतच येतं म्हणून वीसनंतर परत एकपासून सुरू. बाग सयाजीराव महाराजांच्या काळातली, 1879 ची, आणि चालायला लागलं की संपता संपत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार. तीन तास बाबा चालत होते, पोटात गोळी आणि एक कप चहा.

पुढचं मला थोरलीने आणि तुम्ही सांगितलं तसं लिहितेय. गेटमधून बाहेर आल्यावर बाबांना दरदरून घाम फुटला, ऊन काही फार नव्हतं. हात कापायला लागले. थोरलीला ते माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारायला लागले आणि शाळेचं दप्तर कुठे टाकलंस असं विचारायला लागले. ती घाबरली, पण रडली नाही, आजोबा मी आहे, मी आहे असं म्हणत राहिली. समोर काळ्या घोड्याचा तो रस्ता, बसेस, रिक्षा, विश्वामित्रीच्या पुलावरून येणारं सगळं ट्रॅफिक. आणि बाबा फुटपाथच्या कडेला उभे, एका हातात थोरली, एका हातात छोटू, ना पुढे ना मागे.

किती माणसं बाजूने गेली असतील. त्यांना मी नावं ठेवत नाही, नातवंडांचे हात धरून उभा असलेला म्हातारा माणूस बघून कुणाला काय कळणार. तुम्हाला कळलं, कारण तुमच्या घरी पण शुगर आहे. तुम्ही गॅस बारीक करून लारी तशीच टाकून आलात, खांद्याला धरून बाबांना आणलंत, स्टुलावर बसवलंत. आधी नाव विचारलंत. उत्तर देतायत, गिळता येतंय हे बघितलंत आणि मगच अर्ध्या ग्लास पाण्यात तीन चमचे साखर ढवळून त्यांच्या हातात दिलीत. ग्लास खालून तुम्ही धरला होता पण पीत होते ते स्वतः, हे थोरलीने मला हाताने करून दाखवलं. दहा-पंधरा मिनिटांनी बोलणं जरा ताळ्यावर आलं तेव्हा तुम्ही पारले दिलंत, आणि नको नको म्हणत असताना चार बिस्किटं खायला लावलीत. उपास मोडला म्हणून बाबांना वाईट वाटत होतं तर तुम्ही म्हणालात, गणपतीबाप्पा हिशोब नाही मांडत.

नंतर डॉक्टरांनी हे सगळं ऐकलं आणि म्हणाले, याच्याहून बरोबर मीही काही केलं नसतं. बाबांच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे, ती घेऊन पोटात काही नसेल आणि चालणं जास्त झालं तर शुगर खाली जाते. 70 च्या खाली गेली की घाम, थरथर, बडबड, माणसं ओळखू न येणं. अशा वेळी साधारण 15 ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यातून द्यायची, 15 मिनिटं थांबायचं, फरक नाही पडला तर परत द्यायची, आणि बरं वाटलं की काहीतरी खायला घालायचं, नाहीतर परत खाली येऊ शकते. चॉकलेट नाही द्यायचं, त्यातल्या तुपकटपणामुळे साखर हळू चढते, आणि मी मात्र इतके दिवस पर्समध्ये चॉकलेटच ठेवत होते. शुद्ध नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, सरळ 108 ला फोन. वाचणाऱ्यांनी हे प्लीज लक्षात ठेवा, आणि घरात असं कुणी असेल तर उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते आधीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा. आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

फोनचं राहिलं. बाबांचा फोन लॉक होता. तुम्ही थोरलीला विचारलंत, तारी मम्मीनो नंबर आवडे छे? आणि तिने घडाघडा सांगितला, तोही दोनला बे आणि तीनला त्रण करून, तुम्हाला कळावं म्हणून. तो नंबर तिला बाबांनीच शिकवला होता मासी. रोज संध्याकाळी दिवा लावला की शुभंकरोती, मग पाढे, आणि पाढ्यांच्याच चालीवर आईचा नंबर आणि पप्पांचा नंबर. मला वाटायचं कशाला उगाच पोरीच्या डोक्याला ताण.

आम्ही स्कूटरवर कसे आलो मला आठवत नाही. आठवतं ते असं, की बाबा स्टुलावर बसलेत, शर्ट पाठीला चिकटलाय, थोरली त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी आहे आणि छोटू तुमच्या बरण्यांशेजारी बसून खारी खातोय, अंगभर भुगा. सगळे ठीक आहेत हे दिसलं आणि त्याच क्षणी मला भयंकर राग आला. मी सुरू झाले, बाबा, किती वेळा सांगितलं, खाऊन जा म्हणून, मुलं बरोबर होती, रस्ता समोर आहे, काही झालं असतं तर. बाबा मान खाली घालून ऐकत होते. उपरण्याने कपाळ पुसत होते, परत परत, एकाच जागी.

तेव्हा तुम्ही मध्ये पडलात. आवाज चढवला नाहीत, चहा गाळता गाळता म्हणालात, "दादाने वढशो नहीं बेन. एमणे छोकरांनो हाथ छोड्यो नथी." म्हणजे, दादांना रागावू नका, त्यांनी मुलांचा हात सोडलेला नाही.

मी गप्प झाले. मग तुम्ही सांगितलंत की स्टुलावर बसवल्यावरसुद्धा बाबा मुलांचे हात सोडेनात, ग्लास धरायला एक हात मोकळा हवा होता तर तुम्हाला त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली, आणि तो हात तुम्ही तुमच्या हातात घेतलात तेव्हाच ते प्यायले. स्वतःची नात कोण हे त्या माणसाला आठवत नव्हतं, पण हात सोडायचा नाही हे आठवत होतं. मी छोटूचं मनगट बघितलं, त्यावर बोटांचे लाल वळ होते.

निघताना यांनी पाकीट काढलं तर तुम्ही म्हणालात, चाना वीस, खांडना पैसा ना होय, म्हणजे चहाचे वीस, साखरेचे पैसे नसतात. वीस रुपये घेतलेत, आम्हा दोघांच्या चहाचे, बाकी सगळे पैसे परत.

मला आभार मानायचेत ते साखरेचे तर आहेतच, जन्मभर आहेत. पण जास्त त्या एका वाक्याचे आहेत, कारण पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात फार वाईट गेले. पुण्याहून नणंदेचा फोन, आता मुलांना एकट्याने कुठे न्यायचं नाही. यांचंही तेच. आणि सगळ्यात कठीण म्हणजे बाबा स्वतःच म्हणायला लागले, नको, माझा आता भरवसा नाही. गॅलरीत खुर्चीत बसून राहायचे. वेण्या घालायचंही सोडलं, थोरली कंगवा घेऊन समोर उभी राहायची तर म्हणायचे, आईकडून घाल. छोटू रोज साडेपाच वाजता त्यांच्या चपला आणून पायाशी ठेवायचा, एक उलटी एक सुलटी, आणि ते त्या उचलून परत कपाटात ठेवायचे. हे मला बघवत नव्हतं.

एका रात्री जेवताना मी तुमचं वाक्य सगळ्यांसमोर बोलून दाखवलं, तुम्ही म्हणालात तसंच, गुजरातीत. बाबांना ते आठवतच नव्हतं! ते म्हणाले, खरंच सोडला नव्हता? थोरली म्हणाली, नाही आजोबा, दुखत होतं तरी नाही सोडला. बाबा ताटावरून उठून बेसिनपाशी गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेण्या घातल्या.

आता डॉक्टरांनी गोळी कमी केलीये. संकष्टी चालू आहे, पण डॉक्टरांना विचारून, दिवसा खिचडी नाहीतर राजगिऱ्याची लाही आणि दूध पोटात गेल्याशिवाय कुणी बूट घालत नाही, हा नियम थोरलीने केलाय आणि तीच पाळायला लावते. बाबांच्या खिशात एक कार्ड असतं, त्यावर गोळ्यांची नावं आणि आमचे दोघांचे नंबर. आणि थोरलीच्या वॉटरबॅगच्या कप्प्यात छोटी स्टीलची डबी, आत साखर, वर चिकटपट्टी लावून तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, आजोबांची खांड. साखर नाही लिहिलं, खांड लिहिलं, तुमच्यामुळे.

येत्या शनिवारी तिघं बागेत येतायत. तिघंच, मी नाही येणार बरोबर. साधारण साडेबाराला तुमच्या लारीवर पोचतील, बाबांना बिनसाखरेचा अर्धा कप द्या, छोटूला एकच खारी, दुसरी मागेल. थोरलीच्या हातात डबा असेल, त्यात उकडीचे मोदक आहेत, मी पहाटे करणार आहे, ते गरम आहेत तोवर खा.

तुमची,
थोरलीची आणि छोटूची आई