तानपुऱ्यामागची रिकामी जागा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ज्येष्ठ कलाकारांनी तरुणांना काय सांगितलं, हे अधूनमधून छापून येतं. रियाज वाढवा, घाई करू नका, गुरूवर निष्ठा ठेवा. यातलं खोटं काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी षड्ज लावून बसलेल्या पोराने त्याचं करायचं काय?

मी बरीच वर्षं गाणं शिकवते आहे. मला स्वतःला उपयोगी पडलेलं निम्मंअधिक शिक्षण मैफलीत गुरुजींच्या मागे तानपुरा धरून बसल्यावर मिळालं. एकदा मालकंस राग चालू होता. त्यात पंचम नाही, म्हणून पहिली तार मध्यमाला लावलेली. विलंबित रंगात आलं आणि गुरुजींनी मान किंचित मागे वळवली. माझी जोडीची एक तार उतरली होती. छेडणं न थांबवता डाव्या हाताने तारेतला मणी सरकवून ती सुरात मिळवायची, हे मी त्या क्षणी शिकले, घामाघूम होऊन. त्याच दिवशी त्यांचा गळा बसलेला होता. तार षड्जावर ते फारसे थांबलेच नाहीत, मध्यमाभोवतीच फिरत राहिले. श्रोत्यांना पत्ताही नाही. नंतर म्हणाले, “आज वरच्या सा ने दगा दिला असता. मग कशाला त्याच्या दारात जायचं?” हे कोणत्या अभ्यासक्रमात बसवणार?

परीक्षांना मी नावं ठेवत नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि घराण्याबाहेरच्यांनाही दार उघडलं. त्याच वाटेने माझ्यासारख्या कितीतरी जणी गाण्यात आल्या.

पण ती मागची जागा आता रिकामी होत चालली आहे. आधी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, मग मोबाइलमधलं अ‍ॅप. सोयीचं आहे; घरी मीही तेच लावते. मध्यंतरी एक विद्यार्थिनी रडवेली होऊन आली. “ताई, माझा शुद्ध गंधार कायम कमी पडतो, मोबाइल १४ सेंट खाली दाखवतो.” (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं.) तिला मी खऱ्या तानपुऱ्याच्या भोपळ्याला कान लावायला सांगितलं आणि नुसती खर्जाची तार छेडत राहिले. त्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार पेटीतल्या गंधारापेक्षा साधारण तेवढाच उतरा असतो. मोबाइल पेटीच्या गंधाराशी ताडून पाहत होता, पोरगी बरोबर गात होती! महिनाभर बिचारी बरोबर स्वर चुकीचा करण्याचा रियाज करत होती.

म्हणून ज्येष्ठांना एवढीच विनंती, की व्यासपीठावरून उपदेश कमी केला तरी चालेल, पण प्रत्येक मैफलीत दोन विद्यार्थी मागे बसवा, त्यातला एक तरी दुसऱ्या कुणाचा. तानपुरे त्यांच्याकडूनच जुळवून घ्या. मैफल संपल्यावर लोक भेटायला येतात, त्या गर्दीतली दहा मिनिटं त्यांच्यासाठी काढा आणि आज कुठे अडलो, कसं निभावलं, ते सांगा. आपलं अडणं सांगायला मन मोठं लागतं, हे मान्य.

आणि आयोजकांनो, निवेदकाच्या कागदावर त्या दोघांची नावंही लिहून द्या. साथीदारांची ओळख होते, तानपुऱ्यावरची मुलं मात्र नेहमी राहून जातात.

आपली नम्र,
एक संगीतशिक्षिका