गाडी बदलू का? बाबा, आधी हा आवाज ऐका

आई, बाबा,

नमस्कार. फोनच केला असता पण बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मग आई मधे पडून त्यांना तिसरंच काहीतरी सांगते, म्हणून लिहितोय. ताईला मोठ्याने वाचायला सांगा. इकडे म्हापशात पाऊस धो धो, मागच्या अंगणातला माड अजून उभा आहे, काळजी नको.

विषय गाडीचा. आई, लगेच कपाळाला हात लावू नकोस, नवीन घेत नाहीये, अदलाबदल आहे.

कोल्हापूरच्या एका गृहस्थांकडे ट्रायम्फ स्पिटफायर आहे, ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार, 1968 ची, मार्क थ्री म्हणजे तिसरी आवृत्ती. त्यांना माझी एमजीए हवीय, तीही तसलीच ब्रिटिश उघडी गाडी. वर थोडे पैसेही देतो म्हणतात, आणि ते द्यायलाच हवेत, कारण एमजीए जगात सगळ्या मिळून लाखभर बनल्या आणि स्पिटफायर तीन लाखांच्या वर, मग भाव सारखा कसा असेल.

एमजीए तुम्हाला माहितीच आहे, मडगावकडच्या त्या घरातून आणली तेव्हा सीटवर कोंबडी बसली होती. 1958 ची गाडी, पोर्तुगीज काळात मुरगाव बंदरात उतरलेली. तेव्हा तिकडे भारतात बाहेरची गाडी मिळायची मारामार आणि इथे बोटीतून गाड्याच गाड्या, हे बाबांकडूनच ऐकलंय. दिसायला अजूनही अशी की लोक सिग्नलला खिडकी खाली करून बघतात. पण वापरायला बाई फार नखरेल. बाहेरून दाराला हँडल नाही, आत हात घालून दोरी ओढायची. काचा नाहीत, पाऊस आला की बाजूचे पडदे बसवेपर्यंत आपण भिजून चिंब. चारही चाकांना ड्रम ब्रेक. आणि खालची जमीन प्लायवूडची! ती कुजली तेव्हा गॅरेजवाल्याकडे नाही, आपल्या सुतारमेस्ताकडे गेलो होतो आणि बाबा म्हणाले होते गाडी आहे की होडी. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, त्यामुळे रबराच्या नळ्याही बदलाव्या लागल्या.

स्पिटफायरला काचा वरखाली होतात, पुढे डिस्क ब्रेक आहेत, म्हणजे तसा विचार केला तर बदलून टाकावी. म्हणून मागच्या रविवारी आंबोलीमार्गे जाऊन बघून आलो.

तर त्यांनी बॉनेट उघडलं. बाबा, बॉनेट म्हणजे अख्खं नाकच पुढे उलटतं हो, मडगार्डांसकट, आपल्या जुन्या हेरल्ड गाडीसारखं. सारखं काय, तेच. स्पिटफायर हेरल्डचीच चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आखूड करून केलेली आहे, आणि दोन्हींचा डिझाइनर एकच, मिकेलोत्ती नावाचा इटालियन. मी न विचारता पुढच्या टायरवर जाऊन बसलो. ते गृहस्थ बघतच राहिले.

5 जुलै 1986 ला मांडवीचा पूल पडला त्यानंतरचे दिवस आठवतात का? बेतीला फेरीबोटीची ती रांग, पावसात तास तास, हेरल्ड गरम व्हायची, आणि तुम्ही नाक उलटून टायरवर बसून काहीतरी करत बसायचात आणि मी छत्री धरायचो. आठ वर्षांचा होतो, छत्री तुमच्यावर कमी आणि इंजिनावर जास्त. रांग पुढे सरकली की मागचे हॉर्न मारायचे आणि आई आतून ओरडायची अहो चला.

पुढची गंमत ऐका. त्यांनी चालू केली आणि मला एकदम कसंतरी झालं, आवाज ओळखीचा. विचारलं तर म्हणाले मूळचं 1296 सीसीचं इंजिन कधीचंच गेलं, आधीच्या मालकाने भंगारातून स्टँडर्ड हेरल्डचं 948 सीसीचं घालून दिलंय. म्हणजे दिसायला स्पोर्ट्स कार आणि आत मद्रासला बनलेली हेरल्ड. चढावर दम लागतो तिला, ट्रकवाल्यानेही हॉर्न दिला.

शहाणा माणूस इथेच नको म्हणून निघून आला असता. आरसी बुकावर इंजिन नंबर वेगळा, तो बदलून घेतला नसेल तर ट्रान्सफर होणार कशी, शिवाय महाराष्ट्रातून गोव्यात आणायची म्हणजे एनओसी, टॅक्स, हेलपाटे. एजंट म्हणतो नव्याने व्हिंटेज म्हणून नोंदवायची झाली तर व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर, फी 20 हजार, आणि मग रोजच्या वापराला बंदी, फक्त रॅली आणि प्रदर्शन. मग शुक्रवारच्या बाजाराला काय रिक्षाने जाऊ? आणि एमजीए एकदा गेली की परत मिळणार नाही, हे मला कळतं. तुमची सून तर सरळ म्हणाली, तुला गाडी नकोय, तुला हेरल्ड हवीय, आणि ती तुम्ही 1988 मध्ये ताईच्या कॉलेजसाठी विकलीत. मी काही बोललो नाही. काय बोलणार.

आणखी एक. ती गाडी इतकी खाली आहे की बाबांच्या गुडघ्यांना त्यात बसणं जमेल पण उठणं जमणार नाही, दोघांनी धरून काढावं लागेल. एमजीएसुद्धा खालीच आहे म्हणा, पण तिचं दार तुमच्या सवयीचं झालंय. दोन दिवस हाच विचार करतोय की घरी आणून ती कुणासाठी उभी करणार.

त्यांना चवथीपर्यंत थांबायला सांगितलंय. ताईच्या फोनवर इंजिनाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवलाय, दीड मिनिटाचा आहे. बाबा, कानाचं मशीन लावून ऐका, मागे कुत्रा भुंकतोय तिकडे लक्ष देऊ नका. चाळीस सेकंदांनंतर एक टकटक येते. वरच्या झडपांच्या टॅपेटची आहे की खालून बेअरिंगची, ते मला कळत नाही, तुम्हाला कळेल. आई, औषधं आणि चवथीची तिकिटं दोन्हीची आठवण कर त्यांना.

तुमचा,
बाबू