ताईला तू स्वतः सांग

॥ श्री ॥
रामबाग, इंदूर

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "ताईला सांगू नकोस." मी हो म्हटलं. सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. पण आज दुपारी ती येऊन गेली. समोर बसून मटार सोलत होती, मध्येच तिने विचारलं, "मंदार कसा आहे गं?" मी म्हटलं, "बरा आहे." तेवढे दोन शब्द बोलणं मला फार जड गेलं. फोनवर हा विषय काढला की तू "बरं, ठेवतो" म्हणतोस, म्हणून लिहायला बसले आहे.

नोकरीबद्दल मी काही लिहिणार नाही. कंपनीने एवढी माणसं कमी केली, त्यात तू आलास. यात तुझं काही चुकलेलं नाही. बाबांना रात्री सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "त्याच्या हाताला गुण आहे, त्याला काम शोधत येईल." माझ्या मोतीबिंदूच्या वेळी तू सगळं एकट्याने निभावलंस, ते बाबा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. घराच्या हप्त्याचं विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण हप्त्याचं काय करणार आहेस? वेळेवर जेवतोस ना?

आजोबांची मिल बंद पडली तेव्हा तू पहिलीत होतास, तुला काय आठवणार. आजोबांनी त्याच रात्री ग्वाल्हेरला भाऊआजोबांना अंतर्देशीय पत्र लिहिलं. मी ते पेटीत टाकायला नेलं होतं. जेमतेम चार ओळी: मिल बंद झाली, पगार थकला आहे, तुला कळलेलं असावं म्हणून लिहितो. पैसे मागितले नव्हते. पत्र मिळाल्याबरोबर भाऊआजोबा दारात हजर. पैसे त्यांच्याकडे तरी कुठे होते? राहिले मात्र चांगले आठवडाभर. संध्याकाळी दोघे भाऊ कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत पायी जात, तिथे बसत आणि अंधार पडल्यावर परत येत. काय बोलत देव जाणे. पण त्या आठवड्यात आजोबा पुन्हा पोटभर जेवायला लागले, हे मी पाहिलं आहे, कारण वाढायला मीच होते.

म्हणून म्हणते, ताईला तू स्वतः सांग.

तुम्हा दोघांचं भांडण झालं असतं तर मला एवढी काळजी वाटली नसती. लहानपणी कमी का भांडलात? भांडण दिसतं, मिटवता येतं. इथे काहीच झालेलं नाही आणि बोलणं आटलं आहे. तू मला विचारतोस ताई कशी आहे, ती मला विचारते मंदार कसा आहे. मी तुम्हा दोघांची टपालपेटी झाले आहे. भाऊबीजेची ओवाळणी तू मोबाइलवर पाठवलीस, तिने लगेच "थँक्यू" लिहिलं. भावाला थँक्यू! मी शेजारीच बसले होते, मला ते बघवलं नाही.

अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतले मिलचे देखावे, त्या झांक्या आठवतात? जेल रोडवर पोतं अंथरून संध्याकाळपासून जागा धरायची. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी, एकेका मिलची झांकी येईपर्यंत मध्यरात्र उलटून जायची. तू आखाड्यांची लाठी-तलवार बघेपर्यंत जागा, मग ताईच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोप. प्रत्येक झांकी आली की ती तुला हलवायची. तू नाही उठलास तर पहाटे घरी येताना तुला सगळं सांगायची, कुठल्या झांकीत हनुमान उडत होता, कुठल्यात राक्षसाचे डोळे पेटत होते. आणि सकाळी तू आजोबांना सांगायचास, "मी सगळ्या पाहिल्या." ताई एका शब्दाने तुला खोटं पाडत नसे. मिल बंद पडल्या, झांक्या अजून निघतात. यंदा ती तिच्या सईला घेऊन गेली होती.

मागच्या पावसाळ्यात आम्ही पातालपाणी ते कालाकुंड गाडीने गेलो, ती 2018 मध्ये सुरू केलेली पर्यटकांची. तुम्ही मीनाक्षी एक्स्प्रेसने मामाकडे अकोल्याला जायचात तोच मार्ग, तोच घाट. महूच्या पुढची नेहमीची मीटरगेज गाडी 2023 मध्ये बंद केली, घाटात ही पर्यटकांची तेवढी उरली; पुढे ब्रॉडगेज होणार आहे. बोगदा आला तशी सई ओरडायला लागली, तुम्ही ओरडायचात तशीच. कालाकुंडला ताईने कलाकंद घेतला, पानाच्या दोन्यात देतात तोच. दोन्याचा फोटो काढला आणि मला म्हणाली, "मंदारला पाठवू? की कामात असेल?" मी म्हटलं पाठव की. तिने थोडा वेळ फोन हातात धरला आणि पर्समध्ये ठेवून दिला.

तो फोटो तुला आला का रे? आला नसेल.

नानामामा गेल्यापासून मला एक गोष्ट फार जाणवते. अकोल्याच्या आमच्या घरी विहिरीजवळ पेरू होता की सीताफळ, हे परवा काही केल्या आठवेना. कोणाला विचारू? बाबा त्या घरात पहिल्यांदा आले ते आमच्या लग्नात. आई रागावली की नाना माझ्यासाठी चुलीमागे भाकरी लपवून ठेवायचा, हे फक्त त्याला आणि मला ठाऊक होतं. आता एकट्या मला ठाऊक आहे. तो होता तेव्हा मी दर रविवारी फोन करायची, बोलण्यासारखं काही नसलं तरी. नुसतं "काय केलंस जेवायला" एवढं विचारलं तरी चालतं रे. वयाने मोठं झालं म्हणून बहिणीला फोन करायला कारण लागत नाही. ती तुला ओझं मानेल असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाक. आणि पुणे काही परदेशात नाही, रात्री बसलं की सकाळी इंदूर.

पुन्हा उपदेश सुरू झाला. तू आधीच त्रासात आहेस आणि त्यात मी असं लिहिते, राग मानू नकोस.

एक मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. ताईनेही मला एक गोष्ट सांगितली आहे आणि "मंदारला सांगू नकोस, त्याच्या डोक्याला काय कमी आहे" असं बजावलं आहे. काय ते मी लिहिणार नाही, मी तिलाही शब्द दिला आहे. दोघांचं ऐकून घ्यायला मी आहे, आज आहे. रात्री अंथरुणावर पडलं की तुझं आठवतं, मग तिचं आठवतं, आणि वाटतं, दोघं एकमेकांशी पाच मिनिटं बोलाल तर मला झोप लागेल.

लौंग सेव आणि नेहासाठी लिंबाचं लोणचं बाबांच्या मित्राबरोबर पाठवते आहे, ते शनिवारी पुण्याला निघतील. नेहाला आशीर्वाद सांग. तिच्यावर चिडचिड करू नकोस.

ताई रात्री नऊनंतर मोकळी असते. सईची परीक्षा झाली की मी पुण्याला येणार आहे. ताई माझ्याबरोबर येणार का, ते तू तिला विचार. मी विचारणार नाही.

तुझी,
आई