नारळतेल हे यकृताचे औषध नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अनशापोटी दोन चमचे नारळतेल घेतले की ‘लिव्हर साफ होते’ आणि फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी, आपोआप उतरते, हा समज अलीकडे आमच्या परभणी जिल्ह्यात इतका रुजला आहे की त्याविषयी जाहीरपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. मी तालुक्याच्या गावी वैद्यकीय व्यवसाय करतो. सोनोग्राफीच्या अहवालावर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ हे शब्द वाचून धास्तावलेली माणसे माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांतील अनेकांनी लाकडी घाण्याच्या दुकानातून नारळतेलाची बाटली आधीच आणलेली असते. आपल्याकडे हे तेल पिढ्यानपिढ्या केसांना लावले गेले. खोबरे मसाल्यात पडले, पण फोडणी मात्र करडीच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाचीच राहिली. त्यामुळे खाण्याच्या नारळतेलाबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांचा अनुभव पाठीशी नाही, आणि मोबाईलवर आलेला मजकूरच प्रमाण मानला जातो.

या समजामागे एक खरी गोष्ट आहे, आणि ती अर्धवट सांगितली जाते म्हणूनच घोटाळा होतो. आठ व दहा कार्बन अणूंची जी मध्यम साखळीची मेदाम्ले असतात, ती पचायला पित्ताची फारशी गरज लागत नाही. ती आतड्यातून थेट यकृताकडे जातात आणि तेथे लवकर वापरली जातात. पित्तमार्ग बंद असलेल्या तान्ह्या बाळांना याच कारणासाठी रुग्णालयात एमसीटी, म्हणजे अशा मध्यम साखळीच्या मेदाचे तेल, असलेले खास दूध देतात. परंतु हे एमसीटी तेल नारळतेलातून निराळे काढून, शुद्ध करून तयार केलेले असते. आपण बाटलीतून ओततो त्या नारळतेलात या दोन आम्लांचा वाटा साधारण १५ टक्क्यांच्या आतच असतो. निम्म्याच्या आसपास असते ते बारा कार्बनचे लॉरिक आम्ल, आणि त्याचा बराचसा भाग शरीरात इतर संपृक्त मेदांच्याच वाटेने, म्हणजे लसिकावाहिन्यांतून रक्तात जातो. एका पदार्थावरचे निष्कर्ष दुसऱ्याच पदार्थाच्या नावावर खपवले जात आहेत, हे वाचकांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

आता हिशेब पाहा. नारळतेलात ८० टक्क्यांहून अधिक संपृक्त मेद असतो. एका मोठ्या चमच्यात साधारण १४ ग्रॅम तेल मावते, म्हणजे दोन चमच्यांतून सुमारे २४० कॅलरी आणि २३ ग्रॅमच्या आसपास संपृक्त मेद पोटात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसभराच्या एकूण ऊर्जेपैकी संपृक्त मेदातून मिळणारा वाटा १० टक्क्यांच्या वर जाऊ नये. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी ही मर्यादा २२ ग्रॅम होते. दूध, तूप, फरसाण यांचा एक घासही घेण्याआधी, सकाळी उठल्या उठल्या, तो माणूस दिवसाची मर्यादा ओलांडून बसलेला असतो.

फिनलंडमधील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे सांगण्यासारखा आहे. वजन जास्त असलेल्या ३८ प्रौढांचे तीन गट करून त्यांना तीन आठवडे रोज १००० कॅलरी जादा देण्यात आल्या. ज्यांना त्या संपृक्त मेदातून मिळाल्या त्यांच्या यकृतातील चरबी ५५ टक्क्यांनी वाढली, साखरेतून मिळाल्या त्यांची ३३ टक्क्यांनी, आणि असंपृक्त मेदातून मिळाल्या त्यांची १५ टक्क्यांनी. संपृक्त मेदाच्या गटाला लोणी आणि चीज यांच्याबरोबर नारळतेलही दिलेले होते. त्यामुळे सारा दोष एकट्या नारळतेलावर टाकता येत नाही. पण ज्याच्या यकृतात आधीच चरबी साठली आहे त्याला ‘हे तेल प्या’ असे सांगण्याला या प्रयोगातून कोणता आधार मिळतो? शिवाय १६ चाचण्यांच्या २०२० मधील एकत्रित विश्लेषणात सोयाबीन, करडई यांसारख्या तेलांच्या तुलनेत नारळतेलाने वाईट कोलेस्टेरॉल रक्ताच्या दर डेसिलिटरमागे सरासरी १० मिलिग्रॅमने वाढल्याचे दिसले. फॅटी लिव्हरच्या रुग्णांत मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदयविकार हे असते, म्हणून ही वाढ किरकोळ समजू नये.

माझ्याकडे आलेल्या एका दुकानदार गृहस्थांनी पहाटे कोमट पाण्याबरोबर दोन मोठे चमचे तेल घ्यायला सुरुवात केली. तासाभराने साखरेचा चहा, दुपारी नेहमीचे जेवण, संध्याकाळी दुकानात बसल्या बसल्या शेव-चिवडा. यातले काहीच कमी झाले नव्हते. तेलाने शौचास पातळ होऊ लागले, आणि पोट मोकळे झाले म्हणजे लिव्हरमधील घाण निघाली, असे त्यांनी मनाशी ठरवले. एवढे तेल रिकाम्या पोटी घेतल्यावर शौचास पातळ होणे स्वाभाविक आहे. त्याचा यकृतातील चरबीशी काहीही संबंध नाही. त्यांचे वजन वाढले होते, यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा एसजीपीटी आधीपेक्षा वर गेला होता, आणि उपाय सापडला या समाधानात त्यांनी मधुमेहाची गोळीही सोडून दिली होती. मला खरी काळजी आहे ती या शेवटच्या गोष्टीची.

बाटलीवर ‘खाद्यतेल’ छापलेले असते, हाही पुरावा म्हणून मला दाखवला जातो. लहान पॅकमधील नारळतेल खाद्यतेल धरता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये दिला हे खरे. परंतु तो वाद कर कोणत्या वर्गात लावायचा याचा होता, औषधी गुणांचा नव्हता. उंदरांवरील काही प्रयोगांत नारळतेलाने यकृताचे रक्षण झाल्याचे दिसले आहे, पण तेथे विषारी मात्रेने यकृताला मुद्दाम इजा केलेली असते. आपला रुग्ण खुर्चीवर बसून, गोड चहा पिऊन फॅटी लिव्हरपर्यंत आलेला असतो. दारू पिणाऱ्यांनी तर हे तेल ढाल म्हणून घेणे फारच घातक आहे; दारू थांबवण्याला कोणत्याही तेलाचा पर्याय नाही.

वजन पाच टक्के उतरले तरी यकृतातील चरबी कमी होऊ लागते, आणि सात ते दहा टक्के उतरले तर सूजही ओसरू शकते. म्हणजे ८० किलोच्या माणसाने चार किलो कमी केले तरी फरक पडतो. त्यासाठी ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, चहातील साखर बंद आणि रोजचे चालणे एवढे पुरेसे असते, आणि हे सर्व आपल्या घरात आहे. तेल कोणतेही असो, ते कमीच लागते. मराठवाडा हा करडईचा मुलूख. येथील कृषी विद्यापीठाने करडईचे वाण दिले, आणि त्या तेलात असंपृक्त मेद विपुल असतो. पण तेही चमच्याने पिण्यासाठी नाही, फोडणीसाठी आहे. ज्यांना नारळाची चव आवडते त्यांनी भाजीत ओले खोबरे जरूर घालावे. माझा आक्षेप औषध म्हणून रोज तेल पिण्याला आहे.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. आशाताई तिशीपुढील लोकांचा जो अर्ज भरतात त्यात कंबरेच्या घेराचा रकाना असतो. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर असेल तर पुढील तपासणीची गरज आहे असे समजावे. वय, रक्तातील एसजीओटी व एसजीपीटी ही यकृताची विकरे आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून यकृत कडक होण्याचा धोका किती आहे, याचा प्राथमिक अंदाज तालुक्याच्या ठिकाणीही काढता येतो.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे की आरोग्य पुरवणीत वाचकांनी पाठवलेले असे घरगुती उपाय छापण्यापूर्वी ते एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या नजरेखालून घालावेत, आणि मधुमेह व रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नये ही सूचना अशा प्रत्येक मजकुराखाली ठळक अक्षरांत द्यावी.

आपला,
एक वैद्यकीय व्यावसायिक,
जि. परभणी