पडद्यावरचा ‘ल’ मराठी वळणाचा हवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मी निवृत्त मुद्रितशोधक असून गेली काही वर्षे आमच्या गावच्या वाचनालयात ज्येष्ठ वाचकांना संगणकावर मराठी वाचायला-लिहायला मदत करतो. तेथे कानावर येणाऱ्या तक्रारी दिसायला अगदी किरकोळ असतात. शिरोरेषा एका ओळीत जाड आणि दुसऱ्या ओळीत बारीक दिसते, वरच्या मात्रा कापल्या जातात, ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. मजकूर वाचता येतो, म्हणून या तक्रारींची कोणी दखल घेत नाही. पण रोज तास-दोन तास पडद्यावर वाचणाऱ्याला त्या खुपत राहतात, आणि पुष्कळ जण तो दोष आपल्या डोळ्यांचा किंवा जुन्या संगणकाचा मानून गप्प बसतात. दोष नेमका कोठे आहे, हे बहुतेक वेळा पाच मिनिटांत शोधता येते.

आमच्या एका सभासदांनी अक्षरे धूसर दिसतात म्हणून नवा मॉनिटर घेण्याची तयारी केली होती. त्रास एकाच संकेतस्थळावर होत होता आणि उत्तर त्यातच होते. क्रोमसारखे ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाचे झूम वेगळे लक्षात ठेवतात. कंट्रोलची कळ दाबलेली असताना माउसचे चाक चुकून फिरले, की तेवढे संकेतस्थळ ९० टक्क्यांवर जाते आणि पुढच्या वेळीही तसेच उघडते. अशा अधल्यामधल्या प्रमाणात बारीक शिरोरेषा पडद्याच्या ठिपक्यांवर नेमकी बसत नाही, म्हणून ती कोठे ठळक तर कोठे पुसट भासते. कंट्रोल आणि शून्य या कळा एकत्र दाबताच त्यांची तक्रार मिटली.

एवढ्याने भागले नाही, तर तेच पान ब्राउझरच्या इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी, विंडोमध्ये उघडून पाहावे. तेथे एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी पूरक साधने, सहसा बंद असतात, त्यामुळे पान तेथे नीट दिसल्यास जाहिराती अडवणाऱ्या किंवा पानाचे रंग बदलणाऱ्या एखाद्या एक्स्टेन्शनवर संशय घ्यावा. दुसऱ्या ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवरही तीच मात्रा त्याच जागी कापलेली दिसली, तर मात्र दोष बहुधा संकेतस्थळाचाच असतो. रोमन अक्षरांच्या बेताने ओळीची उंची ठरवली, की ‘र्कीं’ या अक्षरातील वेलांटी, रफार आणि अनुस्वार यांना वर जागा उरत नाही. मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांमध्ये अंतर सोडले, की शिरोरेषेचे तुकडे पडतात.

मला सर्वांत जास्त लागते ते ‘ल’ आणि ‘श’ यांचे. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरावा, असे महाराष्ट्र शासनाच्या २०२२ च्या शासन निर्णयात स्पष्ट आहे. प्रत्येक अक्षराला संगणकासाठी संकेतांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत मराठी आणि हिंदी ‘ल’ यांचा संकेतांक एकच आहे. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळण साठवलेले असते, पण ते केव्हा दाखवायचे हे ब्राउझर पानावर नोंदवलेल्या भाषेवरून ठरवतो. पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान ज्या संकेतांनी रचतात त्या मजकुरात, भाषा म्हणून ‘एमआर’ असे लिहिले, की तोच फॉन्ट मराठी ‘ल’ काढतो. मी उघडून पाहिलेल्या कित्येक मराठी पानांवर या जागी इंग्रजीची नोंद आहे. दोन अक्षरांचे हे काम आहे आणि ते न केल्यामुळे मराठी मजकूर परक्या वळणात वाचावा लागतो. फॉन्टमध्ये मराठी वळण नसेलच, तर फॉन्ट बदलावा लागेल. वाचकापुरते बोलायचे, तर फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये देवनागरीसाठी आपल्या पसंतीचा फॉन्ट निवडता येतो आणि पानांना स्वतःचे फॉन्ट वापरण्याची मुभा नाकारताही येते.

एक दोष मात्र दिसण्यापुरता राहत नाही. ‘दऱ्या’च्या जागी ‘दर्या’ उमटले, तर सह्याद्रीच्या दरीचा समुद्र होतो. ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून टंकलेला ‘दऱ्या’तला अर्धा ‘र’, मजकूर एका प्रणालीतून दुसरीत जाताना ते जोडचिन्ह गळाले, की रफार बनून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. युनिकोडमध्ये यासाठी नुक्ता असलेला वेगळा ‘ऱ’ आहे. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलकावर शिफ्ट आणि जे दाबून तो मिळतो आणि त्याला जोडचिन्हाची गरज पडत नाही.

आपल्या दैनिकाच्या आणि इतर मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांनी पानाची भाषा मराठी नोंदवावी, मथळे प्रसिद्ध करण्यापूर्वी मुद्रितशोधकाला मोबाइलच्या पडद्यावर दाखवावेत आणि वाचकांना अक्षरदोष कळवता येतील असा एक ई-मेल पत्ता पानाच्या तळाशी द्यावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मुद्रितशोधक, सातारा