बाबा, टोकनचा चेक एवढ्यात देऊ नका

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परवा फोनवर म्हणालात ना की मारुती रोडच्या गाळ्यात फ्रँचायझी घेऊन किराण्याचं मार्ट काढायचंय आणि त्या कंपनीला दोन लाख टोकन द्यायचंय, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. दुकान काढूच नका असं मी म्हणत नाही बाबा, रिटायर झाल्यापासून तुम्ही घरात किती कंटाळलाय ते मला कळतं. पण पैसा पीएफचा आहे.

तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेलं ॲग्रीमेंट दोनदा वाचलं. रॉयल्टी, म्हणजे त्यांचं नाव वापरायचे पैसे, 5 टक्के, तीही विक्रीवर, नफ्यावर नाही. महिन्याला 3 लाखाची विक्री धरली तर 15 हजार त्यांचे, वर 18 टक्के जीएसटी, झाले 17,700. आणि किराण्यात आपल्याला दहा टक्के सुटले तर 30 हजार, राहिलेल्या 12,300 मध्ये भाडं, लाईट बिल, कामाच्या पोराचा पगार कसा बसवायचा? शिवाय माल त्यांच्याकडूनच घ्यायचा आणि न खपलेला परत घेणार नाहीत. 2019 च्या पुरानंतर त्याच रोडवर भिजलेली पोती दुकानाबाहेर टाकलेली बघितलीत ना आपण, तसं झालं तर सगळा माल आपल्या अंगावर. विम्याचं तर कागदात नावच नाही.

अमूलचं छोटं आऊटलेट बघितलं. 100-150 स्क्वेअर फूट जागा, खर्च साधारण दोन लाख, त्यात 25 हजार डिपॉझिट, रॉयल्टी नाही. पण दुधाच्या पिशवीवर अडीच टक्केच मिळतात, आईस्क्रीमवर 20, बाकीच्यावर 10, आणि आपल्याकडं तर चितळे डेअरीचं भिलवडी जवळ, लोक चितळेंचंच दूध मागणार. मला त्यापेक्षा जनऔषधी केंद्र बरं वाटतं, 120 स्क्वेअर फुटात होतं, औषधांवर 20 टक्के मार्जिन आहे, फार्मासिस्ट लागतो तर वहिनीचं डी.फार्म झालेलंच आहे. तिला विचारा तरी.

सपोर्ट सपोर्ट म्हणतात त्याचं सांगते. माझ्या इथल्या मैत्रिणीनं एका कंपनीची आईस्क्रीमची फ्रँचायझी घेतली, ओपनिंगला फुगे काय, बॅनर काय, तीन दिवस ट्रेनिंगला माणूस. मे महिन्यात डीप फ्रीझर बंद पडला तर अकरा दिवस कुणी फिरकलं नाही, ती बिचारी वितळलेले डबे बादलीत ओतत होती, मी स्वतः तिला मदतीला गेले होते. फ्रीझर बिघडला तर माणूस किती दिवसांत येणार हे कागदावर लिहून घ्यायला हवं होतं, ते राहिलं.

मी शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. त्या कंपनीची इचलकरंजीत आणि कोल्हापुरात दुकानं आहेत म्हणताय ना, त्यांनी दाखवलेल्या दुकानात नको, आपण आपल्या मनानं दुसऱ्या दोन ठिकाणी जाऊ, मालकाशी बोलू, तासभर थांबून गिऱ्हाईकं मोजू. कागद वकीलकाकांनाही दाखवू. तो माणूस ऑफर शुक्रवारी संपते म्हणाला तर संपू दे.

आई, काउंटरला दिवसभर तूच उभी राहणार हे बाबांनी धरूनच ठेवलंय, तुझ्या गुडघ्यांना ते झेपणार नाही, त्यांना स्पष्ट सांग. गोळ्या घेतेस ना वेळेवर?

तुमची,
ताई